थंडीचे किलोमीटर

थंडी पडली की सायकलवाल्यांना एकाएकी आपापली वयं आठवतात. उन्हाळ्यात उजाडायच्या आत कोपऱ्यावर हजर असणारी माणसं डिसेंबर लागला की ग्रुपवर नुसते सूर्योदयाचे फोटो टाकायला लागतात, तेही मागच्या वर्षीचे. कुणाचा गुडघा धरतो, कुणाचा घसा बसतो, कुणाकडे पाहुणे येतात. दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांची सायकल आठवड्याला पंक्चर होते म्हणून सगळे त्यांना 'पंक्चर' म्हणतात. ते तर सरळ कबूल करायचे, "ताई, खोटं कशाला बोलू, पांघरूण सोडवत नाही."

यावर तोडगा काढला तो ताईंनी. ताईंचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान. ढिलं असेल ते आत घ्यायचं, घट्ट असेल ते सोडायचं, हा त्यांचा धंदा आणि बराचसा स्वभावही. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं की चार-चार जणांच्या टीम पाडायच्या, महिनाभर ज्यानं जेवढी सायकल चालवली तेवढे किलोमीटर त्याच्या टीमला. वेगाला मार्क नाहीत. रोज संध्याकाळी मीटरचा फोटो टाकायचा, बेरीज मी करीन. टीम चिठ्ठ्या टाकून ठरतील, फक्त नवरा-बायको एका टीममध्ये नकोत. भांडायला घर आहे.

"बक्षीस काय?" पंक्चरांनी विचारलं.

"हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या सायकली धुवायच्या."

पांघरुणांतून भराभर हात वर आले.

हे झालं जाहीर कारण. खरं कारण ताईंच्या घरात खिडकीपाशी बसलेलं होतं.

ताईंचे यजमान वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी तराजू तपासण्यात उभी हयात गेली, म्हणून लोक त्यांना काटेसाहेब म्हणायला लागले आणि मूळ आडनाव फक्त लाइटबिलावर उरलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल धरली. हृदयाच्या ऑपरेशननंतर सोडली. जखम भरली, टाके सुकले, पण माणूस काही उठेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चालवा की. सपाट रस्ता, बोलता येईल इतका वेग आणि फार तर बारा किलोमीटर." काटेसाहेब "हो" म्हणाले आणि घरी येऊन परत खिडकीत बसले. खालून एखादी सायकल गेली की चेनचा आवाज ऐकून म्हणायचे, "हिला तेल हवंय." दिवसभरातलं संभाषण तेवढंच.

तेव्हा ताईंनी त्यांना न विचारता त्यांची चिठ्ठी डब्यात टाकली. ती निघाली बेकरीवालीच्या टीममध्ये. बेकरीवाली म्हणजे पहाटे भट्टी पेटवून, गावाला पाव पुरवून, वर उरलेल्या जोरात सायकल हाणणारी बाई. तिचा त्याच संध्याकाळी फोन आला.

"काका, बाकीच्या टीममध्ये चार-चार माणसं आणि आम्ही तिघंच. हा कुठला न्याय? तुम्ही दोन किलोमीटर तरी टाका. भाजी आणायला गेलात तरी चालेल."

आता अन्याय म्हटल्यावर निरीक्षक उठणारच. मोठ्या सायकलच्या दांड्यावरून पाय टाकताना छाती ओढली जायची, म्हणून त्यांनी माळ्यावरून मुलाची घडीची सायकल काढली. मुलगा नोकरीला परगावी गेल्यापासून ती तिथे घडी घालूनच पडली होती. लहानशी चाकं, बुटका दांडा, पाय उचलायची कटकट नाही. मोठ्या सायकलचा मीटर काढून त्यांनी स्वतःच्या हातानं तिला बसवला. ताईंनी दुकानात नेऊन बसवून आणायचं सुचवलं, तर म्हणाले, "मापाचं काम मी दुसऱ्याला सांगू?"

पहिल्या दिवशी मीटरवर चार आले. ताईंना स्वर्ग दोन बोटं उरला. आठवड्यात आठ झाले, मग बारा. खिडकीतली खुर्ची रिकामी राहायला लागली. घरात शिट्टी ऐकू यायला लागली. मग एका संध्याकाळी फोटोत सोळा दिसले. दोन दिवसांनी अठरा. मग वीस.

"अहो, डॉक्टरीणबाईंनी बारा सांगितलेत."

"बोलता येईल इतका वेग, असंही सांगितलंय. मला तर गाणंसुद्धा म्हणता येतंय."

"गाणं तुम्हाला धड बसूनही म्हणता येत नाही."

"काळजी करू नकोस गं," ते म्हणाले आणि मीटर पुसायला लागले.

तिकडे ग्रुपवर बेकरीवालीला चेव चढला होता. तिची टीम पहिली आली होती, ती काकांच्या जिवावर. 'आमचे काका वाघ आहेत. शेवटच्या रविवारी काका तीस करणार. काय काका?' तिनं लिहिलं. त्याखाली काटेसाहेबांचं उत्तर: 'तीस. नक्की.' आणि त्याखाली पंचवीस टाळ्या, ज्यांत आयोजक म्हणून ताईंचीही एक.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विकतचं दुखणं आणलं होतं आणि त्याची बेरीजही आपणच करायची. सकाळी दाराची कडी वाजली की ताईंचा जीव टांगणीला लागायचा. दुकानात मशीनवर बसल्या तरी कान रस्त्याकडे. एकदा अँब्युलन्सचा आवाज आला आणि पंक्चरांच्या नव्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला. स्पर्धा बंद करावी असं रोज मनात यायचं. पण बंद केली की हा माणूस पुन्हा खिडकीत. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी एका सकाळी त्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. काटेसाहेब बाहेर पडले तसा थोडा वेळ जाऊ दिला, आपली सायकल काढली आणि मागोमाग निघाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या पाळतीवर जावं लागेल आणि कारण हे असेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

धुकं होतं. पुढे कालव्याच्या रस्त्यावर काटेसाहेबांचा लाल दिवा लुकलुकत चालला होता, अगदी निवांत, एखाद्या कुत्र्याला फिरवायला न्यावं तसा. छोट्या चाकांमुळे पाय तुरुतुरु फिरत होते. पंपहाउसपाशी ते उतरले, पाणी प्यायले आणि सायकल वळवली. ताई झटकन एका उभ्या ट्रकच्या आड झाल्या. ट्रकचा ड्रायव्हर दात घासत होता. त्यानं ताईंकडे पाहिलं, पलीकडे जाणाऱ्या काटेसाहेबांकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान वळवली.

ताईंनी आपल्या मीटरकडे पाहिलं. सहा. जाऊन-येऊन बारा. ते सरळ घरी गेले आणि दिवसभर घराबाहेर पडले नाहीत, हे ताईंनी समोरच्या वहिनींकडून दोनदा विचारून घेतलं. आणि संध्याकाळी फोटो आला: वीस.

ताईंचा जीव भांड्यात पडला. अगदी वाजून पडला. बारा. डॉक्टरीणबाईंचे बारा, एक इकडे नाही की तिकडे नाही. नवरा थापा मारतोय. देवा, तुझे उपकार, हा थापा मारतोय.

हा आनंद चहा उकळेपर्यंत टिकला. चहा गाळताना राग आला. ज्या माणसानं सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटा जप्त केला होता, तो गॅलरीत सायकल उलटी करून हातानं चाक फिरवत बसतो? आणि आपण त्याची बेरीज करून दुसऱ्या टीमना मागे टाकतो?

त्यांनी कप समोर ठेवला. "आज मी तुमच्या मागे होते. पंपहाउसपर्यंत."

"मग हाक का नाही मारलीस?"

"जाऊन-येऊन बारा झाले. वीस कुठून आणलेत?"

काटेसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की ताईंना बोललेलं परत गिळावंसं वाटलं.

"मी आकडा फुगवला?" ते हळूच म्हणाले. "मी?"

"मग मीटर काय स्वप्नात चालतो?"

"तुझाच बिघडला असेल." ते उठले, घडीची सायकल हॉलच्या मधोमध आणून उभी केली आणि नव्या शिपायाला शिकवावं तशा आवाजात सांगायला लागले, "हे बघ. चाकाच्या तारेला हे चुंबक आहे. चाक एकदा फिरलं की ते इथून जातं. मीटरनं एक फेरा धरला. जितके फेरे, तितक्या वेळा चाकाचा घेर. झाले किलोमीटर. यात चूक होईलच कशी? चाकाचा घेर आपण एकदा मीटरला सांगून ठेवला, की..."

ते थांबले. सायकलच्या चाकाकडे पाहिलं. मग दारामागे उभ्या असलेल्या मोठ्या सायकलच्या चाकाकडे पाहिलं.

"टेप आण," ते म्हणाले.

ताईंनी टेप आणली आणि खडूही. घडीच्या सायकलच्या टायरला खूण केली, खाली फरशीवर खूण केली, चाक एक फेरा पुढे ढकललं, पुन्हा खूण केली. सव्वा मीटर. मग सोफा सरकवून मोठी सायकल तशीच फिरवली. शिवणकामाची टेप पुरली नाही, दोनदा लावावी लागली. दोन मीटरच्याही थोडं वर.

"मी त्याला मोठं चाक सांगून ठेवलेलं," काटेसाहेब म्हणाले. "वर्षापूर्वी. त्याला बिचाऱ्याला काय कळणार, आपली बदली झालीय."

ते सोफ्यावर बसले. ताई फरशीवर खडू धरून तशाच बसून राहिल्या. आता हा माणूस कोसळणार आणि उद्यापासून पुन्हा खिडकी, असंच त्यांना वाटलं.

"म्हणजे तीस म्हणजे खरे किती झाले असते?" काटेसाहेबांनी विचारलं.

"अठरा."

"अठराही जास्तच." काटेसाहेबांनी डोळे मिटले. "बरं झालं बाई. त्या तीसच्या धास्तीनं झोप उडाली होती माझी."

"काय?"

"मोबाइलवर तुझा नंबर काढून ठेवूनच निघायचो. वाटेत काही झालं तर उचलणाऱ्याला शोधायला नको."

"आणि मला म्हणत होतात काळजी करू नकोस."

"तिनं वाघ लिहिलं होतं ना. नाही कसं म्हणायचं?"

"मला सांगायचंत."

"तू स्पर्धाच बंद केली असतीस. मग मी आपला खिडकीत." ते खिडकीकडे न बघता म्हणाले. "ते नको होतं मला."

ताईंनी फरशीवरच्या खुणा पदरानं पुसल्या, मग पदर झटकला, मग तोच पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यांत खडू गेला. ते निस्तरण्यात पाच मिनिटं गेली.

ग्रुपवर कबुली काटेसाहेबांनी स्वतःच लिहिली, सरकारी भाषेत. माझ्याकडील मापनयंत्र सदोष आढळले असून आजवरचे सर्व आकडे कमी करण्यात यावेत. माझ्यामुळे टीमला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. बेकरीवालीची टीम पहिलीवरून थेट तिसरी झाली.

पंक्चरांचा पहिला निरोप आला, 'साहेब, हा मीटर मुलाच्या मार्कांना लावता येईल का?' मग बाकीचे सुटले. कुणी पगाराला मागितला, कुणी उंचीला. बेकरीवालीचा मात्र शब्द नाही. काटेसाहेब दर थोड्या वेळानं फोन उघडायचे आणि बंद करायचे.

सकाळी ती स्वतःच दारात उभी राहिली, हाताला पीठ, अंगाला भट्टीचा वास.

"काका, मला तुमच्या पाया पडू द्या आधी."

"अगं, चूक माझी आहे. तुझी टीम..."

"टीम गेली खड्ड्यात. ऑपरेशन झालेल्या माणसाला मी तीस करायला सांगत होते, हे काल कळलं मला. म्हणजे माहीत होतं, पण तुमचे आकडे बघून विसरले होते. खरंच तीस केले असतेत आणि काही झालं असतं, तर ताईंना तोंड कसं दाखवलं असतं?" तिनं श्वास घेतला. "आता सांगा, दुकानदाराकडे असा काटा सापडला असता तर काय केलं असतंत?"

"दुरुस्त करून घेतला असता आणि पुन्हा शिक्का मारला असता."

"मग मारा शिक्का आणि चला. बारा म्हणजे बारा. तेरावा केलात तर मी पाव बंद करीन."

शेवटच्या रविवारी सगळ्या टीम एकत्र निघाल्या. बेकरीवालीची टीम दुसऱ्या नंबराला अगदी चिकटून आली होती. काटेसाहेबांनी आणखी चार किलोमीटर टाकले असते तर गाठलीच असती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. पंपहाउसच्या पुढे रस्ता पुलावर चढतो. ताई मागून येत होत्या. चढाच्या तोंडाशी काटेसाहेबांनी हात वर केला आणि सायकल बाजूला घेतली.

"काय झालं?" ताई भराभर पॅडल मारत आल्या.

"काही नाही. बास झालं."

"दुखतंय का?"

"दुखत नाहीये. म्हणून तर थांबलो." त्यांनी पुढे वळून पाहणाऱ्या बेकरीवालीला हातानं 'जा जा' केलं. तिनंही हात हलवला आणि चढाला लागली. "तू हो पुढे. तुझ्या टीमला लागतील तुझे."

"माझ्या टीमला सांगेन, चाक लहान पडलं."

दोघं रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकली. ऊन नुकतंच धुक्यातून खाली उतरत होतं. काटेसाहेब कालव्याबद्दल काहीतरी सांगायला लागले, पाणी कधी सोडतात, कधी बंद करतात. आवाज एकसारखा होता, दम लागलेला नव्हता. ताईंनी पहिली दोन वाक्यं नीट ऐकली. तिसऱ्याला त्यांची मान खाली आली आणि हेल्मेटसकट काटेसाहेबांच्या खांद्यावर टेकली.

परतताना पंक्चर अर्थातच पंक्चर सायकल हातात धरून चालत येत होते. दुरूनच त्यांनी "साहेब!" म्हणून हाक दिली. काटेसाहेबांनी खांदा जराही न हलवता ओठांवर बोट ठेवलं.