लाल झालेले मिस्त्री

दवाखान्याच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाटेवर मिस्त्री बसले होते, आणि ते नखशिखांत लाल झाले होते. लोक एकेक करून पुढे येत आणि त्यांच्या दंडाला भीतभीत बोट लावून बघत.

"विष मी फुंकरीने ओढलं!" फुंकरबाबा गरजले. "आत अग्नी भरला. बघा हे तेज!"

काल मुलाम्याच्या कारखान्यात मिस्त्रींनी ॲसिडची बादली सायनाइडच्या टाकीत ओतली होती. "हे काम मी डोळे मिटून करतो," अशी फुशारकी जन्मभर मारली, आणि घोटाळा केला तो डोळे उघडे ठेवून. विषारी वायू उठला, मिस्त्री कोसळले. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा बाबा दारात फुंकर मारत होते.

खरं तर बुवाबाजीवर मिस्त्रींइतकं तोंडसुख कारखान्यात कुणी घेतलं नव्हतं. पण तेजस्वी म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? सकाळी आरशात त्यांनी मान किंचित तिरकी करूनही पाहिली होती. चार लोकांनी वाहवा केली आणि त्यांनी अक्कल गहाण टाकली.

एवढ्यात त्याच कारखान्यात कामाला असलेला धाकटा भाऊ आला. "दादा, बाबांनी ताईत दिलाय. ती टाकी आता मीच उपसतो. मास्क नको नि पंखाही नको."

मिस्त्री ताडकन खाटेवरून उठले.

"डॉक्टरबाई," ते ओरडले, "मी लाल का झालो ते सगळ्यांसमोर सांगा!"

डॉक्टरबाईंनी काल मिस्त्रींना लावलेली औषधाची बाटली आणली. तळाचे थेंब पेल्यातल्या पाण्यात टाकताच पाणी लाल झालं. "हा सायनाइडवरचा उतारा. सलाईनसारखा शिरेतून देतात. रक्तातलं विष पकडतो आणि लघवीवाटे बाहेर काढतो. औषधच लाल, म्हणून माणूस लाल. लघवीसुद्धा लाल होते. यांनी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार?" मिस्त्री म्हणाले. "तेवढं तेज मी गुपचूप संडासात सोडून येत होतो."

खोलीत हशा पिकला. "औषध निमित्त!" बाबा कडाडले. "शक्ती माझी!"

"मग माझ्या भावाबरोबर तुम्हीच जा," मिस्त्री म्हणाले. " टाकीवर वाकून पहिला श्वास तुम्ही घ्या."

बाबांना एकदम कुणी आजारी भक्त आठवला. ते निघाले, ते मागे वळून न बघता.

भाऊ ताईत चाचपत उभाच होता. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "विषाला ताईत दिसत नाही रे. उतारा वेळेत मिळाला म्हणून मी वाचलो. तू आधी पंखा लाव, मास्क घाल, मगच आत जा. मला भाऊ एकच आहे."