तांदळात लिहिलेलं नाव

तुझं नाव काय, असं मला दुपारी तीन वाजता कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. चार वाजता तोच प्रश्न आला आणि माझी बोबडी वळली.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करायचा आमचा कारखाना. गोवा राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. आता कारखाने येणार, इथल्या मुलांना नोकऱ्या लागणार, असं जो तो सांगत होता, आणि आमच्याकडे खरंच बारा जागा निघाल्या. कायमच्या. पीएफ, भरपगारी रजा, आजारपणाचं कार्ड, सगळं. मी तिथं सहा महिने टेंपररी होते. आमचे घरकार, म्हणजे माझे यजमान दत्ताराम, खाणीवर ट्रक चालवायचे. पावसाळ्यात खाण बंद झाली की ट्रक उभा आणि हेही घरी. जून ते सप्टेंबर आमच्या मयेच्या घरात सगळी एकमेकांवर गुरगुरत असायची. त्यामुळे ती ऑर्डर मला हवी होती. हवी म्हणजे हवीच होती, उगाच कशाला साळसूदपणा दाखवू?

यादीवर सही करायला हेड ऑफिसचे साहेब आले होते, हैदराबादकडचे. पाचला त्यांची गाडी सुटणार होती. अकरा जणांना ऑर्डरी वाटून झाल्या आणि माझ्या फाइलवर त्यांचं बोट थांबलं.

"दहावीचं सर्टिफिकेट यशोदा सगुण तळकर हिचं आहे," ते हिंदीत म्हणाले. "ही कोण?"

"मीच."

"मग विनोदिनी दत्ताराम कारबोटकर कोण?"

"तीही मीच."

त्यांनी चष्मा काढला. गेल्याच महिन्यात एक मुलगी बहिणीचं सर्टिफिकेट दाखवून लागली होती आणि पकडली गेली होती. तेव्हापासून त्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता. आडनाव बदललेलं समजतो, म्हणाले, पण अख्खं नाव?

आता यांना काय सांगायचं? आमच्याकडे लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. चार जण वाचतात, पेढे वाटतात, संपलं. कोरगावची यशोदा त्या दिवसापासून मयेची विनोदिनी झाली. गावात कुणाला चुकूनही प्रश्न पडत नाही. सहा महिन्यांपूर्वी कृष्णनाथ क्लार्कनं नाव विचारलं, मी सवयीनं विनोदिनी सांगितलं, त्यानंही सवयीनं लिहिलं आणि खाली यशोदेचं सर्टिफिकेट टाचून दिलं. तोही इथलाच, त्याच्या आईचीही दोन नावं. आम्हां दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, हीच आमची अक्कल.

"नाव बदलल्याचा कागद?" साहेबांनी विचारलं.

कागद कुठला? नाव तांदळात लिहिलं होतं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला, मी स्वतः वाढला.

"लग्नाची नोंदणी आहे साहेब, इथं डिचोलीलाच," मी म्हटलं. "त्यात यशोदाच आहे. कागद घरी आहे."

"पाचपर्यंत आणा. नाहीतर तेरावं नाव घेतो."

तेरावं नाव बाहेर बाकावर बसलं होतं. पार्सेची कोमल, मांडीवर फाइल, पायात नवी चप्पल. तिचा बिचारीचा काय दोष, पण मला तिच्या त्या चपलेचासुद्धा राग आला.

कृष्णनाथ स्कूटर घेऊन मयेला पळाला. जाताना म्हणाला, "वहिनी, भियेव नका." त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. मी जनेलापाशी उभी राहून एकदा बाहेरच्या रस्त्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत राहिले. साडेचार. चार चाळीस. पावणेपाचला स्कूटर आली. मागे हे, पावसात भिजलेले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

साहेबांनी कागद वाचला. "म्हणजे तुम्ही यशोदाशी लग्न केलंत. ही विनोदिनी दुसरी बायको का?"

यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. मी यांचा हात घट्ट धरला. आता तोंडातून शिवी गेली असती तर सगळंच मुसळ केरात.

"साहेब, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर माझी लग्नाआधीची सही आहे," मी पर्समधून कार्ड काढलं. "तशीच आता करून दाखवते."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन टेकवलं आणि लिहिलं 'वि'. पाच वर्षांची सवय. खोडलं. पुन्हा लिहिलं, तर हाताची ती सवयच गेलेली; 'यशोदा'तला 'श' कार्डावरच्या 'श'शी जुळेना. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि माझी फाइल मिटली.

मग कृष्णनाथच मध्ये पडला. आमच्याकडची पद्धत त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावली, तांदळासकट. साहेबांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "नवऱ्यानं लेखी द्यावं, की ही तीच यशोदा आणि नाव आपण बदललं. पण कंपनीत सर्टिफिकेटवरचंच नाव लागेल. हजेरी, पीएफ, पगार, सगळीकडे यशोदा सगुण तळकर. त्याला हरकत नाही, असंही लिहा."

पाचला सात मिनिटं होती. मी कागद यांच्यापुढे ठेवला. यांनी पेन उचललंच नाही.

"विनोदिनी नाव माझ्या आवशीन काढलेला," हे हळू आवाजात म्हणाले. "तिका काय सांगू? लग्न होऊन पाच वर्सां झाली आणि बायल माहेरच्या नावान कामाक जाता? लोक काय म्हणतले? फुडल्या वर्सा परत अर्ज घाल. तवसर कागद सारखे करूया."

पुढल्या वर्षी. जणू जागा म्हणजे पोदेराचे पाव, आज नाही तर उद्या सकाळी दारात येतील. बाहेर शिपायानं कोमलला हाक मारली आणि ती उठून दाराशी आली. माझं डोकं फिरलं.

"तांदळात ते नाव लिहिताना मला विचारलं होतंत?" मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "नाही ना? मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या बापानं काजूच्या बागेत राबून मला दहावी केलं, त्याचं नाव त्या दिवशी पुसलं गेलं, तरी बोलले नाही. पाच वर्षं विनोदिनी म्हणून तुमच्या घरात राबले. आज चार ओळी लिहायच्या तर तुमचा हात जड होतो? लिहू नका. पण मग पुढच्या पावसाळ्यात ट्रक उभा राहील तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही."

कोमल खाली बघत होती. मला लाज वाटत होती आणि तरीही मी मागे हटणार नव्हते.

यांनी ओल्या बाहीनं तोंड पुसलं. कदेल ओढलं, बसले आणि लिहायला लागले. यांचं अक्षर पहिल्यापासून गिचमिड. 'यशोदा' लिहिताना मात्र सावकाश लिहिलं, लग्नात अंगठीनं लिहिलं होतं तसं. पाचला दोन मिनिटं असताना साहेबांनी माझ्या ऑर्डरवर सही केली.

कोमल फाइल छातीशी धरून माझ्याजवळून गेली. मी बाजूला सरून तिला वाट दिली.

आम्ही दोघं गेटबाहेर आलो. ऑर्डर मी पदराखाली धरली होती. यशोदा सगुण तळकर. बापाला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचं नाव टाइप केलेल्या कागदावर होतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

बसस्टॉपवर हे म्हणाले, "आवशीचा मी बघतंय. पण घरात आता तुका काय म्हणान हाक मारूची?"

"हाक काय हवी ती मारा," मी डोळे पुसत म्हटलं. "पगार यशोदेचो येतलो."