मध्यंतरात बायका काय म्हणाल्या

नवं संगीत नाटक न्यूयॉर्कला न्यायच्या आधी ते तीन आठवडे आमच्या फिलाडेल्फियात करून बघायची पद्धत होती. पडायचंच असेल तर इथे पडू दे, तिथल्या पेपरवाल्यांसमोर नको, असा त्यामागचा विचार. आम्हांला फुटकं नाटक दाखवायचे आणि सांधलेलं तिकडे घेऊन जायचे.

त्या थिएटरच्या तळघरात बायकांसाठी आरशांची खोली होती आणि तिथे मी एकोणीस वर्षं काम केलं. टॉवेल द्यायचा, टाचणी द्यायची, मोज्याची गेलेली वीण धरून द्यायची, डोकेदुखीची गोळी जवळ ठेवायची. पांढरा एप्रन घालून मी भिंतीशी उभी असायची, आणि गोऱ्या बायका माझ्यासमोर अगदी मोकळ्या बोलायच्या. हात धुताना बेसिन ऐकतंय असं कुणाला वाटतं?

हे निर्मात्यांना ठाऊक होतं. वर दालनात लोक एकमेकांना ‘छान, छान’ म्हणतात. कागदावर मत लिहायला सांगितलं तर भिडस्तपणे बरं लिहितात. पण लिपस्टिक लावता लावता एक बाई दुसरीला जे सांगते ते खरं असतं. म्हणून मध्यंतर संपून बायका वर गेल्या की निर्माता खाली यायचा आणि विचारायचा, “डोरा, काय म्हणाल्या?” मी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची, हेल काढून, नाक उडवून.

ही कला मला आमच्या देवळाने, म्हणजे चर्चने दिली. आमचे रेव्हरंड टॉलिव्हर प्रवचन नुसतं बोलत नाहीत. सुरुवात बोलून करतात, दहा मिनिटांत आवाजाला सूर सापडतो, आणि मग शेवटपर्यंत गाणं. माझी आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. दर रविवारी अख्खं प्रवचन डोक्यात धरून मी घरी आणायची आणि तिच्या पायथ्याशी उभी राहून गाऊन दाखवायची, रेव्हरंडांच्या श्वासांसकट. आई डोळे मिटून ऐकायची. आयुष्यात मला याहून मोठं सुख मिळालेलं नाही. तीच सवय पुढे आरशांच्या खोलीत कामी आली.

एकोणीसशे बावन्न साली ऑक्टोबरात ‘नावाड्याची पोर’ आलं. शंभर वर्षांपूर्वीचं नदीकाठचं गाव, एकोणीस वर्षांची नायिका. नायिकेचं काम मिस गिल्डा फेअरबर्न करत होत्या. त्यांचं वय विचारायचं नाही असं कंपनीत सगळ्यांना बजावलं होतं. नायिकेच्या घरची स्वयंपाकीण होती आमची व्हर्डेल पेटिफोर्ड. रविवारच्या शाळेत मी तिला अक्षरं शिकवली होती. आता ती देवळाच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहायची आणि या नाटकासाठी शाळेच्या खाणावळीतली कायमची नोकरी सोडून आली होती. न्यूयॉर्कला तिचं नाव छापून येणार होतं.

मध्यंतराच्या जरा आधी तिचं एकच गाणं होतं. नदीकाठी उभी राहून स्वयंपाकीण पलीकडच्या होडीला हाक मारते, होडी येत नाही. गाणं तसं साधंच. पण व्हर्डेल ते आमच्या रेव्हरंडांसारखं उचलायची. आधी बोलल्यासारखं, मग नकळत सूर, आणि शेवटी हाक मारताना छातीचा पिंजरा उघडल्यासारखा आवाज.

मंगळवारी पहिल्या प्रयोगाला मध्यंतर झालं आणि बायका खाली उतरल्या.

“एकोणीस? अगं, एकोणीस तर तिच्या कोपराला झाली असतील.”

“पुढचं बघायचं का? माझा नवरा झोपलाय.”

“उठवू नकोस. तिकिटाचे पैसे त्याचेच वसूल होतायत.”

“ती स्वयंपाकीण मात्र... बाई गं, माझ्या अंगावर काटा आला.”

“माझ्याही. कोण आहे ती?”

त्या वर गेल्यावर निर्माते प्रेंटिस लूमिस आले. उंच, सडसडीत, आवाज कधी न चढवणारा माणूस. आरशासमोरच्या मखमली स्टुलावर बसून म्हणाले, “बोल.”

मी सगळं म्हणून दाखवलं. कोपराचंसुद्धा.

“गिल्डाचं एखादं गाणं कुणी गुणगुणलं?”

“एकीनंही नाही, साहेब. पण व्हर्डेलचं सात जणी गुणगुणत वर गेल्या. मी मोजल्या.”

“सात,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

मी पोरीचं भलं केलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला तसं सांगितलंही.

गुरुवारी दुपारी तालीम सुटल्यावर मागच्या जिन्यावर व्हर्डेल तळलेल्या माशाचं सँडविच खात बसली होती. मी शेजारी टेकले.

“मावशी, तू त्यांना किती सांगितल्यास?”

“सात.”

“चार सांगायच्या होत्यास.” तिनं एक काटा दातांतून काढून कागदावर ठेवला. “चार सांगितल्या असत्यास तर गाणं माझ्याकडे राहिलं असतं. सात म्हटल्यावर ते गिल्डाबाईंचं झालं.”

“म्हणजे?”

“म्हणजे आता नायिका होडीला हाक मारते. मी तिच्या मागे दारात उभी राहून हूं हूं करते. शब्द नाहीत. तोंड उघडायचं नाही.”

“अगं, हा अन्याय आहे! मी त्या लूमिसला—”

“तू काही करायचं नाहीस.” तिनं माझं मनगट धरलं. तेलकट बोटांनी, घट्ट. “हूं हूं करायचेही तेवढेच पैसे आहेत. नाव तेच, तेवढ्याच बारक्या अक्षरांत. एकदा न्यूयॉर्कला पोचू दे, मग बघेन माझं मी. तू टॉवेल दे आणि गप्प राहा. ऐकतेस ना, मावशी?”

“ऐकते.”

शनिवारच्या दुपारच्या खेळाआधी लूमिस स्वतः खाली आले. म्हणाले, “डोरा, आज नीट कान दे. गिल्डानं गायलेलं बायकांना नाही आवडलं तर मी गाणं परत स्वयंपाकिणीला देईन. गिल्डा रडेल, रडू दे. माझे पैसे अडकलेत त्या गाण्यात.”

त्यांनी हे मला सांगायला नको होतं.

त्या दिवशी मी आरशांची खोली सोडून जिना चढले आणि पडद्याच्या फटीतून ऐकलं. खोटं कशाला बोलू, गिल्डाबाई वाईट गात नव्हत्या. आवाज गोड होता, पाकासारखा, बोटावर घेतला तर ओघळेल असा. होडी येत नाही तिथे त्या हसल्या. बहुधा दात चांगले होते म्हणून. पण त्यांच्या मागून अंधाऱ्या दारातून एक आवाज येत होता, बंद तोंडातून, आणि ते गाणं पाण्यावर धरून ठेवणारा तोच एक आवाज होता. तो काढला असता तर गिल्डाबाई तिथेच बुडाल्या असत्या. टाळ्या पहिल्या रात्रीपेक्षा जास्त पडल्या.

मी धावत खाली आले. बायका डोळे टिपत आल्या.

“गिल्डानं रडवलं गं.”

“पहिला अर्धा तास कंटाळा, पण या एका गाण्याला यावं.”

“आणि मागून ते काय वाजत होतं? फार सुंदर होतं.”

“सेलो. सेलोच असणार.”

“हो, सेलोच.”

सगळी खोली गुणगुणत होती. करड्या हॅटमधली एक वयस्कर बाई माझ्या शेजारच्या आरशात बराच वेळ नाकाला पावडर लावत बसली होती, तीसुद्धा. जाताना तिनं माझ्या टिपच्या बशीत पंचवीस सेंट टाकले.

सेलो! आमच्या देवळाच्या खिडक्यांची तावदानं जिच्या आवाजानं थरथरतात ती माझी व्हर्डेल यांना तारा ताणलेला लाकडाचा डबा वाटली. देव आठवला नाही, व्हर्डेलची बोटं आठवली नाहीत. एवढंच आठवलं की साहेब विचारतील आणि माझ्या तोंडात गाणं परत आणायची ताकद आहे.

लूमिस आले, स्टुलावर बसले. “बोल.”

“गार पडल्या, साहेब. एकीनंही गुणगुणलं नाही.”

“असं?”

“एक म्हणाली, ‘ही नदीकाठी उभी आहे का दुकानाच्या काचेत?’ दुसरी म्हणाली, ‘मंगळवारी ती स्वयंपाकीण गात होती, तीच बरी होती.’” जन्मात मी खबरीत मनचा एक शब्द घातला नव्हता. आता मला कळेना, थांबायचं कुठे. सूर लागला होता. जर्मनटाउन वस्तीतली एक गुडघे धरलेली म्हातारी मी जागच्या जागी जन्माला घातली आणि तिच्या खरखरीत आवाजात म्हणाले, “‘माझी बहीण म्हणाली होती, त्या काळ्या बाईसाठी जा. म्हणून तीन मजले चढून आले मी, आणि तिचं गाणंच नाही! माझे गुडघे परत द्या!’”

लूमिस डोळे मिटून ऐकत होते, माझी आई ऐकायची तसे. मी थांबले तेव्हा म्हणाले, “सुरेख.” मग दाराकडे वळून, “ऑगस्टा!”

करड्या हॅटवाली बाई आत आली.

“ही माझी बहीण,” लूमिस म्हणाले. “काय गं, काय म्हणाल्या?”

“वेड्या झाल्या होत्या सगळ्या, प्रेंटिस. मीसुद्धा.” तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा वाईट वाटल्यासारखं. “गुडघ्यांची बाई कुणी नव्हती.”

“तिनं तुला किती दिले?” लूमिसनी मला विचारलं. आवाज चढवला नाही.

“कुणी, साहेब?”

“स्वयंपाकिणीनं.”

“एक सेंट नाही! देवाशपथ सांगते. उलट तिनं मला गप्प बसायला सांगितलं होतं.”

“म्हणजे फुकट. हे जास्त वाईट.” ते उठले आणि आरशात टाय सरळ करू लागले. “पैसे घेणारी एकदाच खोटं बोलते. प्रेमानं बोलणारीला आवरणार कोण? न्यूयॉर्कला पहिल्या खेळाला तिची अशी किती माणसं येऊन तिच्यासाठीच टाळ्या वाजवतील? गिल्डा गात असताना मला ते नको. आज संध्याकाळपासून तिची सुट्टी.”

“साहेब, तिचं हूं हूं काढलंत तर गाणं उभं राहणार नाही. मी ऐकलंय. आत्ता खरं सांगतेय.”

“आत्ता,” ते म्हणाले. “ऑगस्टा, मागचं ते तुला काय वाटलं?”

“सेलो.”

“मग सेलो घेऊ.”

मी म्हणाले, मला काढा. माझा हात एप्रनच्या गाठीला गेला.

“तुला कशाला? तुझ्यासारखे कान मिळत नाहीत. सोमवारी मला खरं सांगशील तू. आता तुला भीती ठाऊक झाली.”

व्हर्डेल मागच्या दारातून गेली तेव्हा मी जिन्यात उभी होते. तिनं खुंटीवरची टोपी घेतली, आरसा नव्हता म्हणून बोटांनी चाचपून सरळ केली, आणि माझ्या अंगावरून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेव्हरंड टॉलिव्हर त्या दिवशी असे गायले की तसे पुन्हा कधी गायले नाहीत, आणि मला एक ओळ घरी आणता आली नाही. प्रवचन झाल्यावर घाम पुसत, हसत ते म्हणाले, “आता आनंदाची गोष्ट. न्यूयॉर्कला पहिल्या खेळासाठी दोन बस ठरल्या आहेत. आपली लेक तिथे गाणार! सिस्टर व्हर्डेल, उभी राहा बाळा, तुला बघू दे सगळ्यांना.”

टाळ्या झाल्या. व्हर्डेल उभी राहिली.

“रेव्हरंड, बस न्यूयॉर्कला जाऊ द्या. नाटक चांगलं आहे. गाणं तर फारच चांगलं आहे. फक्त मी त्यात नाही.” टाळ्या विरून गेल्या. “का नाही, ते डोरामावशी सांगेल. कोण काय म्हणालं हे तिच्याइतकं नेमकं आणखी कुणाला सांगता येत नाही.”

आणि खाली बसली.

आमच्या देवळात साक्ष द्यायला, म्हणजे मनातलं सांगायला कुणी उभं राहिलं की त्याला एकटं सोडत नाहीत. बाकाबाकांवरून आवाज देतात, म्हणजे बोलणाऱ्याचे पाय ठरतात. मी उभी राहिले तशी सुरुवात झाली.

“सांग, सिस्टर!”

“सगळं सांग!”

नव्वदीच्या मदर ब्यूला पहिल्या बाकावरून पंखा हलवत ओरडल्या, “घाई नको, लेकरा! देव ऐकतोय!” ऑर्गनवाल्यानं खालचा एक सूर धरून ठेवला.

त्यांना वाटलं, गोऱ्यांनी केलेला अन्याय ऐकायचाय. तो त्यांच्या ओळखीचा होता, त्याला साथ कशी द्यायची हे पाठ होतं. मी तसं सांगू शकले असते. गाणं कुणी काढून घेतलं, सेलो कुणी म्हटलं, सुट्टी कुणी दिली, सगळं खरंच होतं. मी तिथूनच सुरू केलं. लूमिसचा थंड आवाज काढला तसं बाकांनी “अरेरे!” केलं, आणि माझ्या घशात सूर चढू लागला. लाज वाटावी इतका गोड.

व्हर्डेल माझ्या दोन बाकं पुढे होती. ती वळली.

“आणि साहेबांनी विचारल्यावर तू काय सांगितलंस, मावशी? सांगितलंस तसंच सांग.”

“व्हर्डेल, बाळा...”

“तसंच.”

मी गुडघ्यांच्या म्हातारीचा आवाज काढला. छान निघाला. मागे मुलं खदखदली, दोन-तीन बायकाही हसल्या. मग मी म्हणाले की अशी कुणी बाई नव्हती, ती मी केली, आणि व्हर्डेलनं मला नको म्हणून सांगितलं होतं. हसू जिथल्या तिथे थांबलं. ऑर्गनवाल्यानं बोट उचललं. “सांग” म्हणायला कुणी उरलं नाही. मदर ब्यूलांनी पंखा मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे पाहू लागल्या. माझा आवाज बारीक होत गेला.

“मोठ्यानं, मावशी,” व्हर्डेल म्हणाली. “मागच्या बाकावर ऐकू जात नाही.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं.