खडकवाडीची नक्कल

“साहेब, आमच्या गावचा नक्शा द्या की.”

व्यंकटरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग पेशकारांच्या खोलीच्या पडद्याकडे, आणि मग कुठे खिडकीबाहेर उभ्या असलेल्या रायभानकडे. पडदा हलत नव्हता. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

“हळू बोल बाबा. आणि असा खिडकीत उभा राहू नकोस. कुणी बघेल.”

“बघंना का. नक्शाच मागायलोय, जहागीर न्हाई.”

रायभान खडकवाडीचा धनगर. ताडकळसच्या पलीकडे माळावर त्याची वाडी. बाजारच्या दिवशी परभणीला यायचा, दफ्तराच्या आवारात लिंबाखाली बसायचा आणि दिसेल त्याच्याकडे गावचा नकाशा मागायचा. सगळ्यांचं त्याला हाकलून झालं होतं. एकट्या व्यंकटरावांनी हाकललं नव्हतं, आणि त्यात दयेचा भाग थोडा होता. मोठ्या आवाजात बोलायचीच त्यांना भीती वाटायची, हे खरं कारण.

व्यंकटराव मोजणीच्या दफ्तरात नक्शानवीस होते. पेटाऱ्यात गावोगावचे नकाशे. त्यांवर खळीचं निळसर, आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. झालेली नक्कल पेशकारांपुढे ठेवायची, सही-शिक्का झाला की ज्याचा अर्ज असेल त्याला द्यायची. सारी उमर यात गेली. एवढ्या काळात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि आपणहून हो पण म्हटलं नव्हतं. कुत्र्याला भीत, वरिष्ठांना भीत, उतरणीला लागलेल्या बैलगाडीला भीत. बायको कमलबाई म्हणायची, “तुमी जन्मताना रडलात ते पण भिऊन.”

त्या उन्हाळ्यात मात्र न भिणारा माणूस परभणीत शोधावा लागला असता. स्टेशनच्या रस्त्यावर खाकी कपड्यांतले रजाकार भाले घेऊन कवायत करत. पिंगळीला आगगाडी थांबली की डब्यात कोण चढतंय याकडे लोक जीव मुठीत धरून बघत. कोण कुणाचा खबऱ्या आहे ते कळत नव्हतं, म्हणून लोक एकमेकांशी हवापाण्याचं बोलत, आणि तेही जपून. अशात वरून हुकूम आला होता: नकाशाची नक्कल कुणालाही द्यायची नाही. सगळे नकाशे पेट्यांत भरून हैद्राबादला पाठवायचे. हद्दीपलीकडच्या, दिल्लीच्या राज्यातल्या लोकांच्या हाती एकही कागद लागता कामा नये. ज्याच्या हातून लागेल तो फितूर.

“नक्कल बंद आहे,” व्यंकटराव म्हणाले. “पेट्या भरायला घेतल्यात. तू जा.”

“मंग तर आताच पायजे. आमच्या जमीनदारानं, त्या आबासाहेबानं, गायरानाचे दगड उपटून आत सरकावलेत. नांगर चालवायलेत त्याचे गडी. वढ्यावर पाण्याला जायची आमची वाट बी त्यानं मोडली. वाडीतल्या कासाबाईची मेंढरं पाण्यावर गेली तर काठ्यांनी ठेचली.” रायभाननं खिडकीचा गज धरला. “दगड त्याच्या बाजूनं बोलायलेत. आमच्या बाजूनं बोलंल असा तुमचा नक्शाच हाय.”

“तो सरकारी आहे रे.”

“सरकारी कसा? मोजणी झाली तवा साखळी माझ्या बापानं धरली. मोजणीदाराच्या तंबूला दूध आमी घातलं. मोजणीची पट्टी वाडीनं भरली. गाव आमचा, पैका आमचा, आन् आमालाच बघायची बंदी?”

 व्यंकटरावांनी खिडकी लावून घेतली. आपण एका गरीब माणसाच्या तोंडावर खिडकी लावली याची त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती नेहमी दोन बोटं उंच असे.

शुक्रवारी दुपारी पेशकार नमाजाला गेले. शिपाई व्हरांड्यात पेंगत होता. खोलीत व्यंकटराव एकटे पेट्या भरत होते, आणि ताडकळसकडच्या गठ्ठ्यातून खडकवाडीचा नकाशा त्यांच्या हाती आला.

त्यांनी तो उघडला, आणि तिथंच चुकलं. माळ, माळाच्या पोटात गायरान, कडेकडेनं दगडांच्या खुणा, आणि गायरानातून ओढ्याकडे उतरणारी तुटक रेघेची वाट. त्या वाटेनं रोज मेंढरं उतरत असतील. आता तिथं नांगर होता. उद्या ही पेटी हैद्राबादला गेली की ती वाट कुठंच उरणार नव्हती, ना जमिनीवर ना कापडावर.

नकलेच्या कापडाचा शाई सांडलेला एक तुकडा बाजूला पडला होता. त्यांनी तो नकाशावर पसरला. आपण काय करतोय हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर केलं नसतं. घामानं बोटं ओली होत होती, ती धोतराला पुसत पुसत त्यांनी टाक चालवला. बाहेर शिपाई खोकला, पण रेघ वाकडी गेली नाही. पेशकार परतले तेव्हा नकाशा पेटीत होता, पेटीला खिळे ठोकणं चालू होतं, आणि व्यंकटरावांच्या कोटाखाली पोटाभोवती गुंडाळलेली खडकवाडी प्रत्येक श्वासाला कुरकुरत होती.

“क्यों व्यंकटराव, तबियत नासाज है?”

“उन्हाचा त्रास आहे साहेब.”

खराब तुकडा घरी नेणं यात नवल नव्हतं. सगळेच नेत. गरम पाण्यात घातला की खळ सुटे, खळीबरोबर शाई सुटे आणि खाली मऊ पांढरी मलमल निघे. दफ्तरातल्या लोकांच्या घरची सगळी लेकरं त्याच मलमलीच्या कुंच्या घालून वाढली होती. व्यंकटरावांच्या मुलीच्या बारशाची कुंची तर पूर्णेकाठच्या कुठल्याशा गावाची होती. नेण्यात गुन्हा नव्हता, पण या तुकड्यावर गाव अजून जिवंत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या स्टेशनला रवाना झाल्या. व्यंकटराव अंघोळीच्या तयारीत होते. चुलीवर तपेल्यात पाणी उकळत होतं, कमलबाई मागे धुणं धूत होती, आणि गल्लीत घोड्याच्या टापा वाजल्या.

त्यांनी फटीतून पाहिलं. घोड्यावर पोलिसांचा अमीन, मागे खाकीतली माणसं. गल्लीतली दारं एकेक करून लागत होती. टापा जवळ आल्या आणि थेट त्यांच्या ओट्यापाशी थांबल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. व्यंकटरावांनी रात्री कपाटामागे दडवलेलं कापड ओढून काढलं. कुठं लपवावं? छपरात? पिठाच्या डब्यात? दारावर काठी आपटल्याचा आवाज झाला आणि त्यांनी ते कापड उकळत्या तपेल्यात कोंबलं, वर पळीनं दाबून धरलं. वाफ तोंडावर येत होती. पाणी हळूहळू निळं, मग काळसर झालं.

काठी त्यांच्या दारावर नव्हतीच. शेजारी बन्सीधर मास्तरांच्या दारावर होती. मास्तर दिल्लीच्या बातम्या ऐकतात अशी चुगली कुणीतरी केली होती. मास्तरांचा रेडिओ उचलला गेला, त्यांना दोन मुस्काटात बसल्या आणि टापा आल्या तशा निघून गेल्या.

कमलबाई आत आली तेव्हा व्यंकटराव चुलीपुढे उकिडवे बसलेले होते, हातात अजून पळी.

“अहो, हे काय? अंघोळीच्या पाण्यात कापड उकळायलात?”

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, लेकरानं आईला सांगावं तसं. सांगता सांगता ते रडायला लागले. कमलबाईनं पळीनं कापड वर काढलं, पिळलं, झटकलं. शाईचा एक ठिपका उरला नव्हता.

“परत काढता येतंय का?”

“पेट्या गेल्या.”

तिनं कापड दोरीवर वाळत घातलं. मग म्हणाली, “त्याच्या तोंडावर तरी सांगा. खिडकी लावू नका आता.”

बाजारच्या दिवशी व्यंकटराव लिंबाखाली गेले.   रायभाननं काही विचारायच्या आत त्यांनी घडी केलेलं पांढरं कापड त्याच्यापुढे धरलं आणि झालं ते तसंच सांगितलं. रायभाननं कापड उलगडलं, उन्हात धरलं. आरपार लिंबाच्या फांद्या दिसत होत्या.

“समदं गेलं?”

“सगळं.”

रायभान शिव्या देईल असं त्यांना वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त खांद्यावरची घोंगडी काढली. नवी होती, काळी करकरीत, किनार पांढरी. “तुमच्यासाठी इणली होती. नक्शाबद्दल.”

“नको रे,” व्यंकटराव मागे सरकले. “मी काय दिलं तुला? घोंगडी कशाची घेऊ?”

रायभाननं घोंगडी परत खांद्यावर टाकली. मग ते कोरं कापड त्यानं काळजीनं घडी केलं, अगदी खरा नकाशा करावा तसं.

“हे ऱ्हाऊ द्या माज्यापाशी. वाडीतला उमाजी मेंढरं घिऊन निघालाय, हद्दीपल्याड जाणार हाय चाऱ्याला. त्याच्याकडं देतो, आन् गावात सांगतो, नक्शा मिळाला, पल्याड ठिवलाय.”

व्यंकटरावांनी त्याचा हात धरला. “अरे, पण त्यावर काही नाही!”

“आबासाहेबाला कुठं ठावं हाय? तुमचं नाव न्हाई घेणार मी. मेंढराची आण.”

रायभान गेला. व्यंकटराव तिथंच उभे राहिले. पूर्वी निदान नकाशा काढल्याची भीती होती; आता नकाशाही नाही आणि भीती मात्र पुरी. आपल्याइतका करंटा माणूस या मराठवाड्यात दुसरा नसेल असं त्यांना मनापासून वाटलं.

बातमी माळावर वणव्यासारखी गेली. खडकवाडीचा नकाशा बाहेर पडलाय, हद्दीपार सुखरूप आहे. आबासाहेबाचा नांगर थांबला. हैद्राबादची राजवट कधी जाईल सांगता येत नव्हतं, आणि गेली तर तो नकाशा पहिला बाहेर येईल हे कळण्याइतका तो हुशार होता. मेंढरं पुन्हा ओढ्यावर उतरू लागली.

पण आबासाहेब गप्प बसणारा नव्हता. एका सकाळी तो दफ्तरात आला, सोबत पोलिसांचा अमीन. त्याच्या गड्यांनी रायभानला दंडाला धरून आणलं होतं. त्याला लिंबाखाली बसवून ते शेजारी काठ्या टेकून उभे राहिले. पेशकारांनी व्यंकटरावांना आत बोलावलं.

“माझं काम साधं आहे,” आबासाहेब म्हणाला. “हा धनगर थापा मारायलाय हे मला ठाऊक आहे. दफ्तरानं एवढंच सांगावं, की इथून नक्कल गेली नाही. मग गायरान मी बघतो, आणि ह्याला पण बघतो.”

पेशकारांनी कपाळाचा घाम पुसला. दफ्तराची नाचक्की त्यांनाही नको होती. “सांगा व्यंकटराव. नक्कल तुमच्याशिवाय कोण काढणार? नाही म्हणा आणि कामाला लागा.”

नाही म्हणायचं. ते खरंही होतं. खडकवाडीची नक्कल या जगात नव्हती, ती चुलीवर उकळून मोरीत गेली होती. जन्मभर भिऊन भिऊन खरं बोललेल्या माणसाला आज नुसतं खरं बोलायचं होतं आणि घरी जायचं होतं.

खिडकी उघडी होती. लिंबाखाली रायभान बसला होता, मान ताठ. तो इकडे पाहत नव्हता. दिलेला शब्द पाळत होता. ओळखसुद्धा दाखवत नव्हता.

  व्यंकटरावांना कमलबाई आठवली, मुलगी आठवली, मास्तरांच्या गालावरचे वळ आठवले.

“गेली आहे साहेब,” ते म्हणाले.

“क्या?”

“नक्कल. मी काढली, मी दिली. शिक्का न मारता.” आवाज चिरका निघाला. “गायरान आहे त्यात. दगड आहेत. ओढ्याची वाट पण आहे. सगळं जिथल्या तिथं आहे.”

“होश में हो?” पेशकार उठून उभे राहिले.

आबासाहेबाचा चेहरा उतरला.  अमिनानं व्यंकटरावांच्या दंडाला धरलं तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला. धीर वगैरे आला नव्हता. खरंतर इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आवारातून नेताना सगळं दफ्तर व्हरांड्यात उभं होतं. कुणी नजर देत नव्हतं. लिंबाखाली रायभान उठला. गड्यांनी धन्याकडे पाहिलं. धनी खाली मान घालून घोड्याकडे चालला होता. ते बाजूला झाले.

रायभान आडवा आला. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, उलगडली आणि व्यंकटरावांच्या पाठीवर टाकली.

“आता तरी घ्या, साहेब. हवालातीतली फरशी गार आसती.”

अमीन थांबला, मग चल म्हणाला. व्यंकटरावांनी घोंगडीची टोकं छातीशी ओढून धरली. तिला मेंढरांचा वास होता. फाटकापर्यंत त्यांचे हात थरथरत होते, पण आता ते कुणाला दिसत नव्हते.