गर्दी नसलेला सोमवार

लोकांनी केव्हा फिरायला जावं हे श्यामरावांइतकं रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाला कळत नसे, आणि त्यांच्याइतका कुठेच फिरायला न गेलेला माणूसही तात्यापाऱ्यात दुसरा नव्हता. चौतीस वर्षं ते रायपूर स्टेशनात आरक्षणाच्या खिडकीमागे बसले. मे महिन्यात पुरीचं नाव काढू नका, छठच्या आधी पाटण्याकडे तोंड करू नका, असा सल्ला ते तिकिटाबरोबर फुकट देत. स्वतःच्या बायकोला मात्र त्यांनी आयुष्यभर एकच उत्तर दिलं. मंदाकिनी दर वर्षी विचारायची, "औंदा जायचं का कुठी?" आणि श्यामराव चष्मा पुसत म्हणायचे, "गर्दी आहे."

ते खोटं नव्हतं. लोकांना सुटी असे तेव्हा खिडकीवरच्या माणसाला रजा मिळत नसे. फक्त एकदा, लग्नाच्या वर्षी, नागपुरात मेहुण्याकडे गेले असताना मेळ्यातल्या आकाशपाळण्यात दोघं बसले होते. रांगेत तास गेला आणि दोनच फेऱ्यांनंतर पाळणेवाल्यानं खाली उतरवलं, कारण मागे लोक ओरडत होते. "अजून बसाले पाहिजे होतं," असं मंदाकिनी त्यानंतर निदान पन्नासदा तरी म्हणाली असेल. तीन वर्षांपूर्वी ती गेली. दोन दिवसांचा ताप काय आला आणि घर रिकामं करून गेला.

यंदा जुलैतल्या एका रविवारी मुलानं, गौतमनं, पोहे खाता खाता विषय काढला. "बाबा, स्वरदाले थीम पार्कले न्यायचं आहे. मुंबई-पुण्याच्या मधात आहे ते. कवा जावं, तुमीच सांगा."

स्वरदा म्हणजे गौतमची मुलगी, नऊ वर्षांची. हुशार पोरगी, पाढे उलटे म्हणून दाखवायची, पण गर्दी आणि गोंगाट तिला सोसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गर्दीत नेऊ नका, आणि घरात डांबूनही ठेवू नका. आता या दोन्हींच्या मधली जागा शोधायची कुठे, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका वॉटर पार्कला नेलं, तर रांगेत पंधरा मिनिटं कशीबशी उभी राहिली आणि मग कानांवर हात दाबून खालीच बसली. तिच्या किंकाळीनं लोक वळले. दोघातिघांनी मदत करायची सोडून मोबाइल उभे केले. तेव्हापासून कुठेही न्यायचं म्हटलं की ती आधी विचारी, "आगे कितने लोग रहेंगे?"

आणि तरीही त्या थीम पार्कच्या मोठ्या आकाशपाळण्याचा व्हिडिओ ती रोज बघायची, आवाज बंद करून. त्याला छत्तीस पाळणे आहेत हे तिला पाठ होतं. तिथे तिला नेण्याचा शब्द तिच्या आजीनं दिला होता.

निवृत्तीनंतर श्यामरावांना कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्यांनी बशी बाजूला सारली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. म्हाताऱ्याच्या अंगात पुन्हा खिडकी संचारली.

"ऑगस्टात पाऊस. विजा चमकल्या की हे झुले बंद करते. गणपतीत अर्धी मुंबई कोकणात, अन् उरलेली पार्कात. दिवाळीचं नाव नको. डिसेंबरात शाळांच्या सहली, पाच-पाच बसा. फेब्रुवारी-मार्च पोट्टीच्या परीक्षा. मे तर मेच." ते पानं उलटत गेले आणि ऑक्टोबरवर थांबले. "हे पाय. यंदा अधिक महिना आला म्हनून पितृपक्ष ऑक्टोबरात सरकला. पाऊस आटोपलेला. अन् पितृपक्षात मानूस हिंडाले निघतच नाही. चौतीस वर्षं पाह्यलं मी. त्या पंधरा दिवसांत मी डबा टायमावर खात होतो. गांधी जयंतीची जोडून सुटी रविवारी संपते. सोमवारी तिथं पाखरू दिसनार नाही. सोमवार, पाच तारीख. डोळे मिटून तिकीट काढ."

गौतमनं मान डोलावली. पण सूनबाई, पूर्णिमा, कॅलेंडरकडे बघत होती. पाच तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं, अविधवा नवमी. सवाष्णपणी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. सवाष्ण जेवू घालायची, तिला साडी द्यायची. म्हणजे तो दिवस मंदाकिनीचा होता.

श्यामरावांनीही मग ते वाचलं. खिडकीवरचा बाबू बोलत सुटला होता आणि बायकोला विसरून गेला होता. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "दुसरा दिवस पाहू," ते म्हणाले आणि कॅलेंडर खिळ्याला लावायला उठले. खिळा काही त्यांना लवकर सापडेना.

दुसरा दिवस मिळेना. पंधरवड्याच्या आधीच्या आठवड्यात गणपतीची सुटी, नंतर लगेच नवरात्र. पंधरवड्यातले बाकीचे वार बघितले, तर गौतमला नवा रायपूरच्या ऑफिसात त्या सोमवारला धरून चारच दिवसांची रजा मंजूर होत होती, आणि स्वरदाची सहामाही सात तारखेनंतर सुरू होत होती. श्यामरावांनी तीन वेळा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा तोच सोमवार आला.

त्यांना खरी बोच होती ती वेगळीच. पूर्वी कधीतरी, गौतम शाळेत असताना, मंदाकिनीनंच हे सुचवलं होतं. "पितृपक्षात गाड्या खाली राहते म्हनता नं तुमी? मंग तवाच जाऊ." तेव्हा श्यामराव केवढे कडाडले होते! वडिलांची तिथी असते, लोक काय म्हणतील, पितृपक्षात कोणी मजा मारायला जातं का? ती म्हणाली होती, "तिथी चुकली तर अमावास्येले करता येते. गुरुजीच सांगते." श्यामरावांनी तिला धर्म शिकवू नको म्हणून गप्प केलं. ती गप्प झाली आणि नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

ते पुरानी बस्तीत अनंत गुरुजींकडे गेले. गुरुजींनी पानाचा तोबरा सांभाळत ऐकलं आणि हसले. "यात काय आहे श्यामराव? सर्वपित्रीले करा. नवमीचं अमावास्येले करनारे लय आहेत. पोट्टीले नेऊन आना खुशाल."

इतकं सोपं उत्तर मिळाल्यावर माणसानं हलकं होऊन घरी यावं. श्यामराव मात्र रिक्षा न करता चालत निघाले आणि चालता चालता त्यांचे डोळे भरून आले. तीच सवलत. तिनं मागितली तेव्हा दिली नाही, आणि आता वापरायची तर तिच्याच दिवसावर. जिती होती तोवर दर वेळी तिलाच पुढे ढकललं, आता मेल्यावरही तिलाच ढकलायचं? इकडे नातीला नेलं नाही तर पोरगी पुढच्या वर्षीही आवाज बंद करून व्हिडिओ बघत बसणार, आणि मंदाकिनीनं दिलेला शब्दही तसाच बुडणार. कोणाकडूनही विचार केला तरी गुन्हेगार आपणच, असं त्यांना वाटलं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पूर्णिमाला स्वयंपाकघरात गाठलं. सासरे सहसा तिथे पाऊल ठेवत नसत.

"गुरुजी काय म्हनाले?" तिनं विचारलं.

"अमावास्येले करा म्हनाले. मी नाही करत." पूर्णिमाचा हात थांबला. श्यामराव घाईघाईनं म्हणाले, "जायचं नाही असं नाही म्हनून राहिलो. जायचं, सोमवारीच जायचं. अन् तिची नवमी बी सोमवारीच करायची. तिथं. सवाष्ण काय फक्त रायपुरातच राहते काय? पन स्वयंपाक तुले करा लागन, बाई. जमन का?"

"हव, जमन," पूर्णिमा म्हणाली. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि भाजी करपल्याचा वास आल्यावर दोघंही गॅसकडे धावले.

रविवारी संध्याकाळी ते पार्कजवळच्या एका छोट्या लॉजवर उतरले. सोमवारी पहाटे पूर्णिमानं मालकिणीच्या स्वयंपाकघरात वडे, खीर, कढी-भात, गवारीची भाजी असं सगळं केलं. गौतमनं अंघोळ करून लॉजच्या मागच्या अंगणात पान वाढलं, हात जोडले. कावळ्यानंही फार भाव खाल्ला नाही. राहिली सवाष्ण. मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांच्याच घरी त्या दिवशी सासूची नवमी होती, त्यांना दुसऱ्याकडचं चालत नव्हतं. दहा वाजत आले. स्वरदा बूट घालून दारात उभी होती, सारखी विचारत होती, "आगे कितने लोग होंगे, आबा?" शेवटी श्यामरावांनी डबा आणि साडी पिशवीत घातली आणि म्हणाले, "चला. आत कोनी भेटन."

पार्किंगमध्ये सात गाड्या होत्या. श्यामरावांनी त्या मोजल्या आणि इतक्या दिवसांनी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. फाटकाशी पिशव्या तपासायला खाकी साडीतली एक बाई होती, तिशी-पस्तिशीची, छातीवर नावाची पट्टी, अर्चना. तिनं श्यामरावांची पिशवी उघडली आणि सवयीनं म्हणाली, "काका, बाहेरचं खाणं आत चालत नाही. डबा इथेच ठेवावा लागेल."

गाड्यांच्या वेळा, सुट्या, पाऊस, परीक्षा, सगळं श्यामरावांनी धरलं होतं. पार्कात डबा चालत नाही हे काही त्यांच्या खिडकीवर कधी कोणी सांगितलं नव्हतं. "बाई, हे तसलं खानं नाही," एवढंच ते बोलू शकले.

तिनं झाकण उघडलं. वडे पाहिले, खीर पाहिली. पिशवीत मोरपंखी साडी, तिच्यावर कुंकवाची पुडी आणि हिरव्या बांगड्या. तिनं झाकण परत लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नवमी का? कोणाची?"

"माह्या मंडळीची. सवाष्ण भेटली नाही बाई. सकाळपासून शोधून राहिलो."

तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तेव्हा कुठे त्यांच्या नजरेस पडलं. विचारावं की नाही, ही कामावर आहे, कोणत्या घरातली, आपल्याला काय म्हणेल, असे सगळे विचार त्यांच्या मनात आले. आयुष्यभर ते अशा विचारांपाशी थांबत आले होते. "तुमी जेवान का?" त्यांनी विचारलं.

अर्चनानं त्यांच्या मागे पाहिलं. मोकळा रस्ता, दोऱ्यांनी आखलेल्या रिकाम्या रांगा, ऊन. "मे महिन्यात आला असतात काका, तर मला पाणी प्यायलाही उसंत नसती," ती म्हणाली. "आज जेवते. सुटीच मिळाली नाही म्हणून सकाळपासून वाईट वाटतंय. माझ्या आईचंही आज घरी आहे, भावजय करते."

फाटकाच्या आडोशाला तपासणीचं टेबल होतं, त्यावर पूर्णिमानं पान मांडलं. बाईनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि सावकाश जेवली. वडा दोनदा मागून घेतला. पूर्णिमानं तिला साडी दिली, ओटी भरली, कुंकू लावलं. श्यामराव तिच्यापेक्षा दुपटीनं मोठे, पण त्यांनी वाकून नमस्कार केला, तशी ती गडबडून उठली. दोघी बायका रडल्या आणि गौतम उगाचच बुटाची नाडी बांधत बसला. तेवढ्या वेळात फाटकाशी एकही माणूस आला नाही.

आकाशपाळण्याशी पोचल्यावर स्वरदा कानांवर हात ठेवून लांबच थांबली. तिनं दोऱ्यांच्या रांगेत शेवटपर्यंत नजर फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली. "आगे कोई नहीं है," ती म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखं. आणि कानांवरचे हात खाली घेऊन तिनं आजोबांचं बोट धरलं. "आप चलो, आबा. आप मेरे साथ बैठो."

श्यामरावांना उंचीची भीती होती, पण ती सांगायची ही वेळ नव्हती. पाळणा वर गेला. खाली पूर्णिमा आणि गौतम बोटाएवढे झाले, हिरवे डोंगर जवळ आले. स्वरदा पाळणे मोजत होती आणि हसत होती, मोठ्यानं, तोंड उघडून. तिला असं हसताना त्यांनी आजीच्या माघारी पाहिलं नव्हतं. अगदी वर पाळणा क्षणभर थांबला, तेव्हा श्यामरावांनी चष्मा काढून पुसला.

"मंदा," ते म्हणाले, "आज गर्दी नाही वो."

"किससे बोले?"

"तुह्या आजीले."

स्वरदानं ते मान्य केलं आणि पुन्हा मोजू लागली. दुसरी फेरी संपली, पाळणा खाली आला. श्यामराव सवयीनं दाराची कडी चाचपू लागले. पाळणेवाल्या माणसानं बाहेरून हात हलवला.

"उतरता कशाला काका? मागे कोणी नाही. बसा अजून."

श्यामरावांनी कडीवरचा हात काढला.