पाऊण कोयता

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भलामोठा टचस्क्रीन टीव्ही आला तेव्हा मी नाक मुरडलं. शेजारच्या गावातले गुरुजी व्हिडिओ लावून देतात आणि स्वतः मोबाईल बघत बसतात. टीव्हीच शिकवणार असेल तर आम्हाला पगार कशाला, असं मी भर मीटिंगमध्ये बोललो. माझ्या जिभेला हाड नाही, हे केंद्रातल्या सगळ्या शाळांना माहीत आहे.

सहावीला गणित शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडम नुसत्या हसल्या. माझा पाचवीचा वर्ग त्यांच्या शेजारी, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. त्यामुळे त्यांचा तास मला फुकटात ऐकायला मिळतो.

त्या दिवशी अपूर्णांकांचा व्हिडिओ लागला होता. पिझ्झ्याचे तुकडे होत होते. मॅडमनी तो मध्येच थांबवला.

"पिझ्झा कुणी खाल्लाय?"

एकही हात वर झाला नाही.

"बरं, मग आपल्याकडं अर्धं काय असतं?"

वर्षाराणी उठली. "मॅडम, अर्धा कोयता!"

कुणी हसलं नाही. शिरूर कासारकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला मजूर नेणारा मुकादम 'एक कोयता' म्हणतो. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता.

दुसऱ्या दिवशी पिझ्झा गायब आणि पडद्यावर पोरांच्या आई-बापांचे फोटो! मॅडमनी रात्रीतून व्हॉट्सॲपवर मागवले होते. पोरं बोटानं फोटो सरकवून जोड्या लावत होती आणि अडीच कोयते, साडेतीन कोयते असं ओरडत होती. माझी पोरं पार्टिशनच्या फटीला डोळे लावून बसली, आणि खरं सांगतो, मीही. असा तास मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. यंत्र कुठं चालवायचं आणि कुठं थांबवायचं, हे त्या बाईला बरोबर कळत होतं.

दसरा जवळ आला, ऊसतोडीला निघायची वेळ झाली, आणि वर्षाराणी डोळे सुजवून शाळेत आली. आईचं, वनमालाचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ती औंदा घरीच राहणार होती. तिच्या जागी बाप पोरीला नेणार होता. सहावीतून उसाला गेलेली पोर पुन्हा बाकावर बसत नाही, हे आम्ही दरसाल बघतो. माझं डोकं फिरलं. बापाला बोलावून चांगलं फैलावर घ्यायचं, असं मी ठरवलं.

"बोलवा त्यांना," मॅडम म्हणाल्या, "पण सर, तुम्ही तेवढं गप्प बसा."

मी कसाबसा बसलो.

वर्षाराणीचा बाप सोमेश्वर आला आणि दारातच अवघडून उभा राहिला. "मॅडम, माझा बी नाईलाज हाय. एकल्याला जोडी कोन देनार? मी आन पोरगी मिळून एक कोयता होतो."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी टीव्ही लावला. "सोमेश्वरभाऊ, ते जरा वर्षाराणीला मांडून दाखवा."

पडद्यावर बाप-लेकीचे फोटो आले. सोमेश्वरनं पँटला बोट पुसलं आणि लेकीचा फोटो आपल्या फोटोला चिकटवला. "हे बगा. अर्धा आन अर्धा."

"चुकलं, आन्ना," वर्षाराणी बापाला हळूच म्हणाली.

"कावून? काय चुकलं?"

"अर्धे सारखे असावे लागत्यात. तुमी मोळी उचलून गाडीवर चढता. मला मोळी हालत बी न्हाई." तिनं बोट लावून आपला फोटो लहान केला, बापाच्या निम्मा. "मी पाव हाय. अर्धा आन पाव, पाऊन. पाऊन कोयता कोन घेतंय, आन्ना?"

सोमेश्वर पडद्याकडं बघत राहिला. एवढ्या मोठ्या त्याच्या फोटोशेजारी ती एवढीशी पोर.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच मुकादमाला लावला.

"औंदा मी एकलाच येतो. कुनी बी जोडीला दे... न्हाई, पोरगी येनार न्हाई."

पलीकडून मुकादम काहीतरी ओरडला. सोमेश्वरनं लेकीकडं पाहिलं.

"कावून म्हंजी?" तो म्हणाला. "पोरीचं गनित चालू हाय."