दांडा कडूबानंच ओढला

काकासाहेबांच्या फिरत्या आरागिरणीचा ओंडके उचलणारा लोखंडी हात अचानक खाली आला आणि लिंबाचा ओंडका कडूबाच्या पायावर पडला, त्याला पंधरा दिवस झाले होते. पाऊल गेलं. गावाने निकालही लावून टाकला, की हात खाली सोडायचा दांडा कडूबानंच ओढला. गावाला काय, कुणाच्या तरी माथी मारलं की जेवण गोड लागतं.

इब्राहीम मिस्त्रीला हे पटेना. कडूबा वीस वर्षांपासूनचा दोस्त, त्याला तो ओळखून होता. काकासाहेबांनी दुरुस्तीला बोलावलं, तेव्हा त्याने सगळ्यांना लांब उभं केलं, ओंडका वर उचलला, इंजिन बंद केलं, लोखंडी हात किती वर आहे त्याची खडूने खूण केली आणि बिडी पेटवली. दांड्याला कुणी शिवलंही नाही. तरी बिडी संपेपर्यंत हात वीतभर खाली उतरला.

त्याने लोखंडी हात तोलून धरणारा तेलाचा सिलेंडर उघडला. आतलं रबरी सील झिजून चिरलं होतं आणि तेल त्याच्या कडेने निसटत होतं.

"काकासाहेब, कडूबाची चूक न्हाई. हे बघा."

काकासाहेबांनी सीलकडे पाहिलंही नाही. "नवं औरंगाबादहून येईल तवा येईल. इथं लाकूड पडून राह्यलंय. जुनंच उलटं करून बसव. जमत नसंल तर दुसरा मिस्त्री बोलावतो."

इब्राहीमने उलटं करून बसवलं. आता हात चार बोटंच उतरत होता. पोटासाठी करावं लागतं, अशी मनाची समजूत घालत तो वाटूर गावात कडूबाच्या घरी गेला. निदान दोस्तावरचा आळ तरी पुसावा म्हणून.

कडूबा बाजेवर पडून होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"इब्राहीमभाई, हे कुठं बोलू नका. चूक माजीच म्हणून मी कागदावर अंगठा देल्ता."

"पन कशाला?"

"त्याबिगर काकासाहेब घरातल्या दुसऱ्याला काम देईना. अन् मशीन खराब निघाली तर गिरणीच बंद. मंग खायाचं काय?"

इब्राहीमला संताप आला. काकासाहेबांचा आला, कडूबाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

"काम कुनाला देलं?"

"आमच्या पोरीला, नंदाला. माज्याच जागेवर, ओंडके सरळ करायला. आज पहिला दिवस. मशीन दुरुस्त झाल्याचा निरोप आला, तशी गेली." कडूबा जरा हसला. "तुमी हात लावला म्हनल्यावर मला बिलकुल घोर न्हाई."

इब्राहीम उठला आणि चपला न घालताच गिरणीकडे धावत सुटला. मागून कडूबा विचारत राहिला, काय झालं म्हणून.